पावणेसात जार

कराडला माझ्या भाचीला मुलगी झाली तेव्हा वजन भरलं २ किलो ९०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी काट्यावर ठेवली तर २ किलो ६८०. खोलीत आम्ही चौघी होतो. भाची, तिची आई म्हणजे माझी ताई, आम्हा दोघींची आई आणि मी. चौघींच्या मनात एकच वाक्य आलं, बोलून दाखवलं आईनं. "दूध पुरत नाहीये गं पोरीला."

खिडकीत फळांची परडी होती आणि परडीमागे पावडरीचा एक डबा. तो कुणी आणला हे आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही.

सिस्टर आल्या. त्यांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग आईकडे. "आजी, काल लंगोट किती ओले झाले?" आई गप्प. "आता मोजा. वजन पहिले दिवस घटतंच, सात टक्के, कधी दहासुद्धा. दहा-चौदा दिवसांत भरून येतं. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा लंगोट झाले, की समजायचं पोट भरतंय." मग त्यांनी भाचीच्या कोपराखाली उशी सरकवली, बाळाला पोटाशी पोट लावून वळवलं, आणि नुसतं बोंड नव्हे तर भोवतीचा काळसर भागही तोंडात जाईल असं त्याचं तोंड बसवलं. हनुवटी टेकली, गाल फुगले, घोट ऐकू यायला लागले. सगळं मिळून चार मिनिटं.

आईनं हॉस्पिटलच्या फायलीचा पुठ्ठा उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पहिली रेघ ओढली. उरलेली अर्धी बाजू मी घेतली. एकतीस वर्षं बँकेत काढल्यावर एवढा कोरा पुठ्ठा समोर दिसला की हात शिवशिवतो. वजनाच्या वजाबाकीचा आकडा सात टक्क्यांच्या थोडा वर येत होता, म्हणजे सिस्टरच्या हद्दीत. तिथून मी जी आकडेमोड सुरू केली ती घरी आल्यावरही थांबली नाही.

पहिला आकडा चमच्यात मावणारा आहे. जन्मल्या दिवशी बाळ एका वेळेला पाच-सात मिलिलिटर घेतं, म्हणजे चहाचा चमचा, फार तर दीड. अख्ख्या पहिल्या दिवसाचं दूध मोजलं तर सरासरी ३७ मिलिलिटरच्या आसपास भरतं. अडीच मोठे चमचे. जिनं आयुष्यभर दूध शेराच्या मापानं मोजलं त्या माझ्या आईला हे दूध नव्हे, थट्टा वाटणार हे उघड आहे. पण हा चीक आहे, आणि चिकाचा हिशेब आकारमानावर करायचा नसतो. आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारी जी प्रतिपिंडं आईच्या दुधातून येतात, ती नंतरच्या दुधात लिटरमागे ग्रॅमभर असतात आणि चिकात दहा-बारा ग्रॅमपर्यंत. पहिल्या दिवशी पोरीच्या पोटात जातं ते जेवण कमी आणि लस जास्त.

गंमत बघा, म्हशीच्या चिकाचा खरवस आपण वेलदोडा-जायफळ घालून गल्लीभर वाटतो. बाईचा चीक मात्र कित्येक घरांत 'पिवळं, नासकं' म्हणून पिळून टाकायची रीत होती. माझ्या वेळेला माझाही टाकला होता. तेव्हा मी विचारलं नाही, आणि टाकणारीला राग यावा असं मी काही म्हणतही नाही. तिच्याही आईनं तेच केलं होतं.

महिनाभरात हे अडीच चमचे वीसपट होतात. नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेलं बाळ दिवसाला साधारण ७५० मिलिलिटर दूध पितं. वरचं पाणीही न देता पहिले सहा महिने म्हणजे १८० दिवस धरले, तर १३५ लिटर. ऑफिसात पाण्याचे ते निळे वीस लिटरचे जार असतात ना, तसे पावणेसात जार. पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईनं तयार केलेले, झोपेच्या मधल्यामधल्या तुकड्यांत.

आता या जारांचं इंधन. लिटरमागे दुधात ६७० कॅलरी धरल्या तर रोज ५०० कॅलरी आईच्या अंगातून बाहेर जातात, आणि कारखाना चालवायचा खर्च वेगळा. म्हणून आपल्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं दूध पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात असं धरलं आहे. गरोदरपणी जास्तीच्या ३५०, दूध पाजताना ६००. हे मी ताईला दोनदा वाचून दाखवलं, कारण आपल्याकडे डोहाळजेवणाला पाच पक्वान्नं आणि सव्वा महिन्यानंतर बाळंतीण पुन्हा सगळ्यांच्या शेवटी पानावर, असा उलटा व्यवहार चालतो. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी सुमारे २०० कॅलरी देते. ६०० म्हणजे रोज तीन भाकरी जास्त. सहा महिन्यांत ५४० भाकरी, एक लाख आठ हजार कॅलरी.

एक लाख आठ हजार कळायला भाकरी पुरत नाहीत, म्हणून मी मुंबई मॅरेथॉन घेतली. पंचावन्न किलोच्या बाईला ४२.१९५ किलोमीटर धावायला ढोबळमानानं २३०० कॅलरी लागतात. भागाकार केला. ४७. सहा महिन्यांत सत्तेचाळीस मॅरेथॉन, दर चौथ्या दिवशी एक, आणि वर लोक विचारणार, "घरीच असतेस ना सध्या?"

भाचीनं हा आकडा तिच्या नवऱ्याला पाठवला. त्यानं त्या रात्री पहिल्यांदा लंगोट बदलला. आकड्यांचा एवढा थेट परिणाम मी बँकेतही पाहिला नव्हता.

आईची दुसरी तक्रार, दूध पातळ आहे. वाटीत चार थेंब काढून तिनं ते बोटानं पाहिलं, सुस्कारा सोडला. सायीच्या दृष्टीनं तिचं खरंच आहे. म्हशीच्या दुधात प्रथिनं चार टक्क्यांच्या आसपास, गाईच्या तीन-सव्वातीन, आणि बाईच्या जेमतेम एक. पण वासरू जन्माच्या वजनाच्या दुप्पट व्हायला सुमारे ४७ दिवस घेतं, ससा सहा, आणि माणसाचं पोर पाच-सहा महिने. ज्याला सातव्या आठवड्यात कळपाबरोबर पळायचं आहे त्याला मांस हवं. आपल्याला पळायचं नाही, आपल्याला विचार करायचा आहे. जन्मतः साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा मेंदू वर्षाच्या आत नऊशेच्या पुढे जातो, आणि तान्ह्याच्या अंगातली निम्म्याहून जास्त ऊर्जा तो एकटा खातो. मेंदू साखरेवर चालतो, म्हणून बाईच्या दुधात दुधाची साखर सात टक्के. गाईम्हशींपेक्षा हे दूध पातळ आहे पण गोड आहे. दुसऱ्या टोकाला निळा देवमासा. त्याच्या दुधात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त चरबी असते, आणि त्याचं पिलू दिवसाला ऐंशी-नव्वद किलोनं वाढतं. "तुला पणती हवी का देवमासा?" असं मी आईला विचारलं. तिनं रेघ ओढली. तिसरा लंगोट.

या सगळ्यात मला सर्वांत चक्रावून टाकलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. आईच्या दुधात पाणी, दुधाची साखर आणि स्निग्धांशानंतर जास्तीत जास्त भरतो तो पदार्थ बाळाला पचतच नाही. त्या काही साखरेच्या साखळ्या आहेत, आतापर्यंत दोनशेहून जास्त प्रकारच्या सापडल्या आहेत, आणि लिटरमागे पाच ते पंधरा ग्रॅम असतात. बाळाच्या आतड्यात त्या फोडायची सोयच नाही. मग आई आपल्या अंगातली ऊर्जा घालून त्या करते कुणासाठी? बाळाच्या मोठ्या आतड्यात राहणाऱ्या काही विशिष्ट जिवाणूंसाठी. ते जिवाणू या साखळ्यांवर पोसतात, आतडं आंबट ठेवतात, आणि जुलाब आणणाऱ्यांना तिथं पथारी पसरू देत नाहीत. लिटरमागे दहा ग्रॅम धरले तर १३५ लिटरमध्ये १ किलो ३५० ग्रॅम. म्हणजे बाई सहा महिन्यांत आपल्या पोराबरोबर पोराच्या पोटातल्या अब्जावधी पाहुण्यांनाही सव्वा किलोवर साखर जेवू घालते. आपल्याकडे अतिथीला देव म्हणतात, पण तो जिवाणू असेल असं कुणी सुचवलं नव्हतं.

परतताना पुण्याच्या गाडीत बसले. कात्रजच्या अलीकडे दुधाचे टँकर दिसायला लागले आणि पुठ्ठ्यावरची आकडेमोड एकदम देशाएवढी झाली. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात, हिशेबासाठी २ कोटी ३० लाख घेऊ. म्हणजे कुठल्याही क्षणी सहा महिन्यांच्या आतली १ कोटी १५ लाखांच्या जवळपास बाळं देशात आहेत. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार त्यांतली ६३.७ टक्के निव्वळ आईच्या दुधावर असतात. म्हणजे ७३ लाख बाळं, प्रत्येकी पाऊण लिटर. रोजचे ५५ लाख लिटर.

दहा हजार लिटरचा एक टँकर. साडेपाचशे टँकर. एकामागे एक, नाकाला शेपटी लावून उभे केले तर स्वारगेटपासून कात्रजच्या दिशेनं पाच किलोमीटर रांग जाईल, आणि ती रांग रोज लागेल, दिवाळी नाही, बंद नाही, दूध आंदोलन नाही. यात वरचं दूध मिळूनही अंगावर पिणारी बाळं धरलेली नाहीत, आणि सहा महिन्यांनंतर दोन वर्षांपर्यंत पिणारी तर नाहीतच. तरीही वर्षाचे दोनशे कोटी लिटर होतात. या डेअरीला संकलन केंद्र नाही, शीतकरण नाही, वाहतूक नाही, भेसळ नाही. आणि देशाच्या उत्पादनाच्या हिशेबात तिची नोंदही नाही. माझ्या भाचीच्या खोलीतला तो पावडरीचा डबा विकला गेला की देशाचं उत्पन्न वाढतं. तिनं पाजलं तर शून्य. नॉर्वेनं आपल्या अन्न उत्पादनाच्या आकडेवारीत आईचं दूध धरलं आहे. बाकी जग अजून डबेच मोजतं.

जी गोष्ट खात्यावर येत नाही तिच्यासाठी तरतूदही होत नाही, हे मी एकतीस वर्षांत शिकले. म्हणून दुसरी बाजू पाहिली. जमेची.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला ५००० रुपये मिळतात, तेही हप्त्यांत आणि अटी पाळल्यावर. १८० दिवसांवर पसरले तर रोजचे २७ रुपये ७८ पैसे. १३५ लिटरची किंमत गाईच्या पिशवीच्या, लिटरला ६० रुपये भावानं लावली तरी ८१०० होते. बाईच्या दुधाला गाईचा भावसुद्धा मिळत नाही, असं मी ताईला म्हटलं. ती हसली नाही. शेतावर ज्या बायका तिच्याकडे भांगलणीला येतात त्यांच्या मजुरीशी तिनं ते २८ रुपये मनात ताडून पाहिले असणार.

पगारी नोकरीतल्या बाईला २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, सहा महिन्यांच्या दुधाशी बरोब्बर जुळणारे. कायदा करणाऱ्यांनी गणित नीट केलं होतं. पण देशातल्या बहुतेक कष्टकरी बायकांकडे नेमणुकीचा कागदच नसतो, मग रजा कुणाकडे मागायची? आणि वेळेचा हिशेब तर त्याहून मोठा. दिवसाला दहा वेळा, दर वेळी वीस मिनिटं धरा. सहा महिन्यांत १८०० वेळा पाजणं, ६०० तास. आठ तासांच्या पाळीनं ७५ दिवसांची पूर्ण नोकरी. रायगडावरची हिरकणी आपण तिच्या धाडसासाठी आठवतो. आख्यायिका नीट ऐकली तर ती कामावर उशीर झालेली बाई होती. गडावर दूध घालायला गेली, दरवाजा बंद झाला, खाली पाळण्यात तान्हं. कडा उतरावा लागला, कारण दरवाजा उघडत नव्हता. एसटी स्टँडवरच्या पाजण्याच्या खोल्यांना हिरकणी कक्ष हे नाव ज्यानं कुणी सुचवलं त्याला गोष्ट बरोबर कळली होती.

अंगणवाडीचं बरं आहे, निदान आकडा तरी बरोबर आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सुरू झालेली ही योजना आता तेरा-चौदा लाख अंगणवाड्यांपर्यंत गेली आहे, आणि गरोदर व स्तनदा मातांना पूरक आहारातून रोज ६०० कॅलरी द्यायचं तिचं माप आहे. अडचण अशी की घरी नेलेला शिधा बाईचा राहत नाही, तो घराचा होतो. एका पुड्यातून पाच तोंडं. म्हणून महाराष्ट्रात २०१५ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेत बाईला अंगणवाडीत बसवून एक वेळचं गरम, पूर्ण जेवण द्यायचं ठरलं. भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडं. गरोदरपणीही आणि बाळंतपणानंतरही. मला यातला सर्वांत शहाणपणाचा भाग डाळीचा नाही, 'बसवून' हा वाटतो.

आणि कॅलरीवर थांबून चालत नाही. अख्ख्या गरोदरपणात बाईला लागणारं जादा लोखंड म्हणजे लोह किती? सुमारे एक ग्रॅम. कागदाला लावायची एक क्लिप. त्या क्लिपेएवढ्या लोहातून तिच्या अंगातलं वाढीव रक्त तयार होतं, वार तयार होते, बाळाची पहिल्या सहा महिन्यांची बेगमी होते, कारण दुधात लोह नावाला असतं. आणि एवढ्या एका क्लिपेसाठी देशातल्या निम्म्याहून जास्त, ५२.२ टक्के गरोदर बायका रक्तानं कमी पडतात. कारण आपल्या भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागतं शंभरातलं आठ भाग, आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर तेवढंही नाही. सरकार ६० मिलिग्रॅमच्या १८० गोळ्या देतं. २०१९–२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत १८० दिवस गोळी घेतलेल्या बायका निघाल्या २६ टक्के. आमच्या भाचीनंही मधेच सोडल्या होत्या, मळमळतं म्हणून. अळिवाचे लाडू मात्र तिनं सोडले नाहीत. जुन्या पोषण तक्त्यांत शंभर ग्रॅम अळिवात शंभर मिलिग्रॅम लोह लिहिलं आहे, म्हणजे आजीबाईंच्या यादीत अळीव उगाच नव्हता. पण एका लाडवात अळीव किती आणि गूळ-खोबरं किती, हे एकदा तोलून पाहा. आम्ही पाहिलं. दहा ग्रॅम. मग लाडवाबरोबर गोळीही परत सुरू झाली, आणि चहा तासभर पुढे गेला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचं खाणं, काम आणि त्यांची बाळं मोजायला घेतली. बायका सरासरी ४२ किलोच्या, बाळं सुमारे २ किलो ७०० ग्रॅमची. तुलनेला इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं होती, साडेतीन किलोची. पण आठशे ग्रॅमचा हा फरक सगळीकडे सारखा नव्हता. आपली बाळं मांसात खूप कमी होती, चरबीत मात्र जवळजवळ बरोबरीला. दिसायला बारीक, आतून लठ्ठ, पुढे मधुमेहाच्या वाटेवर. आणि २००१ मध्ये शोभा राव, याज्ञिक वगैरेंनी जे छापलं ते मला पुन्हापुन्हा आठवतं. बाळाच्या आकाराचा संबंध आईनं किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी फारसा लागला नाही. तो लागला पालेभाजी, फळं आणि दूध यांच्याशी. मेथीची जुडी, चाकवत, पेरू.

मग मुंबईच्या झोपडवस्त्यांत हे ताडून पाहिलं गेलं. ६५१३ बायका, निम्म्यांना रोज पालेभाजी, सुकी फळं आणि दुधाची पावडर घातलेला एक खाऊ, निम्म्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. सगळ्या बायका एकत्र धरल्या तर जन्मवजनात दखल घ्यावी असा फरक आला नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या तीन महिने आधीपासून खाल्ला त्यांची बाळं ४८ ग्रॅमनं जड निघाली. अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे एक अंडं. टँकर आणि मॅरेथॉनच्या या लेखात हा आकडा किरकोळ वाटेल. मला तो सगळ्यांत अवघड वाटतो, कारण तो सांगतो की बाळंतविडा आपण एक वर्ष उशिरा बांधतो. शिवाय गरोदरपणीचा मधुमेह कांदा-बटाट्याच्या गटात १२.४ टक्के होता, पालेभाजीच्या गटात ७.३. खाऊ होता मूठभर.

पुठ्ठ्यावर परत येते. त्यावर एक आकडा मी लाल पेनानं लिहिला आहे. २०१९–२१ च्या पाहणीनुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. तरी जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घेतलेली बाळं फक्त ४१.८ टक्के. उरलेली ५८ टक्के म्हणजे दिवसाला साडेछत्तीस हजार बाळं. वानखेडे स्टेडियमची क्षमता ३३ हजारांच्या आसपास आहे. रोज एक अख्खं वानखेडे भरून वर तीन हजार रांगेत उभे राहतील एवढी बाळं पहिला तास चुकवतात, आणि बहुतेक वेळा आई तिथंच, चार हातांवर असते. कुठं सिझेरियननंतर बाळ दुसऱ्या खोलीत, कुठं आत्या मध चाटवायची वाट पाहते, कुठं आंघोळ, कुठं फोटो. घानाच्या खेड्यांत सुमारे ११ हजार बाळांचा मागोवा घेणाऱ्यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता, की सगळ्यांनी पहिल्या तासात पाजायला सुरुवात केली तर पहिल्या महिन्यातले २२ टक्के मृत्यू टळतील.

मृत्यूंचे आकडे लिहायला हात जड होतो. पण ते लिहायलाच हवेत. ब्राझीलच्या सीझर व्हिक्टोरा यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की आईचं दूध अजिबात न मिळणाऱ्या तान्ह्याला जुलाबानं मरण्याचा धोका चौदापट असतो. त्याच व्हिक्टोरांच्या गटानं २०१६ मध्ये जगाचा अंदाज मांडला, जवळजवळ सर्व बाळांना पुरेसं स्तनपान मिळालं तर वर्षाला ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळतील आणि स्तनांच्या कर्करोगानं जाणाऱ्या २० हजार बायका वाचतील. हा मोजलेला आकडा नाही, मॉडेलनं काढलेला आहे. तरी तासाला ९४ होतात. दर वीस मिनिटांनी तीस-एकतीस. आपल्या गावच्या अंगणवाडीचा पट बघा, साधारण तेवढाच असतो. त्याच गटानं पैशांतला तोटा काढला, वर्षाला ३०२ अब्ज डॉलर, तेव्हाचे वीस लाख कोटी रुपये. भारत सरकारचा २०१६-१७ चा संपूर्ण अर्थसंकल्प होता १९.७८ लाख कोटींचा.

ब्राझीलमध्येच पेलोतास नावाचं शहर आहे. तिथं १९८२ साली जन्मलेल्या ५९१४ मुलांना शास्त्रज्ञांनी तीस वर्षं सोडलं नाही. ज्यांना वर्षभर किंवा जास्त अंगावर पाजलं होतं त्यांची बुद्धिमापन चाचणी महिन्याच्या आत थांबलेल्यांपेक्षा ३.७६ गुणांनी वर, आणि पगार महिन्याला ३४१ रियाल जास्त. आमच्या जावयाला यातला पगाराचा भागच लक्षात राहिला. असो.

आपल्याकडे याहून लांब जायला नको. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, पाजायला कशी मदत करायची, श्वास कसे मोजायचे, कधी घाबरायचं. नवजात मृत्यू हजारी ६२ वरून २५ च्या घरात आले. १९९९ मध्ये जगानं ते वाचलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताईंच्या कामात ते आलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी सहा फेऱ्या, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत. मोबदला ठरला २५० रुपये. फेरीला ४१ रुपये ६७ पैसे. सहावी फेरी होईपर्यंत त्या बाळानं पंचवीस लिटरपेक्षा जास्त दूध प्यायलेलं असतं.

आणि ज्यांच्या आईला दूधच आलेलं नाही किंवा आई अतिदक्षता विभागात आहे त्यांचं? किलोभराच्या अपुऱ्या दिवसांच्या बाळाला सुरुवातीला दोन-दोन तासांनी एक-दोन मिलिलिटर, नळीनं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. दुसऱ्या बायकांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवतात आणि उणे २० अंशांवर ठेवतात. पेढी म्हटलं की मला माझी बँक आठवते. या पेढीत मात्र खातेदार शून्य शिल्लक ठेवून जातात, व्याज मागत नाहीत, आणि एका बाईनं दिलेल्या वाटीभर दुधावर असं एखादं बाळ कितीतरी दिवस निघतं.

भाचीच्या हाडांचा हिशेब तेवढा राहिला होता, तो तिनंच विचारला. "मावशी, माझं कॅल्शियम किती गेलं?" दुधात रोज दोनशे मिलिग्रॅमच्या वर. सहा महिन्यांत छत्तीस ग्रॅमच्या वर, म्हणजे जन्माला येताना तिच्या पोरीच्या सगळ्या हाडांत मिळून जेवढं होतं त्याहूनही जास्त. हाडांची घनता तीन-पाच टक्के उतरते आणि दूध सुटल्यावर हळूहळू भरून येते. शरीर स्वतःलाच कर्ज देतं आणि स्वतःच फेडतं. मी असा एकच कर्जदार पाहिला आहे.

पाचव्या दिवशी रेघा पाचच होत्या. आई रात्रभर जागी राहिली, ताईनं डब्याकडे दोनदा पाहिलं. सहाव्या दिवशी सात झाल्या. अकराव्या दिवशी काट्यावर २ किलो ९४०. पुठ्ठा फायलीला परत लावायला सिस्टरनी मागितला, तर आई देईना. तिच्या अर्ध्या बाजूला चाळीसच्या वर रेघा होत्या, पाच-पाचांच्या जुड्या करून, आणि माझ्या अर्ध्या बाजूला ८ लाख २३ हजार. सिस्टरनी चष्मा वर करून माझी बाजू वाचली, मग आईची. "आजींचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

डबा दुकानदारानं परत घेतला. पैसे मात्र दिले नाहीत. त्याचे लंगोट आणले.